लघवीच्या विकारांसाठी एमआरआय: या चुका टाळा

पहिली चूक चिठ्ठीवरच होते. कंबरेतून कळ आली, मुतखड्याची शंका आली की थेट एमआरआय मागितला जातो. खडा शोधायला सोनोग्राफी आणि तिने भागलं नाही तर साधा, म्हणजे इंजेक्शनशिवायचा, सीटी स्कॅन हाच रस्ता. एमआरआयमध्ये लघवी पांढरीशुभ्र दिसते आणि खडा त्यात काळा ठिपका म्हणून उरतो. रक्ताची गुठळी किंवा हवेचा बुडबुडाही तसाच काळा दिसू शकतो, आणि बारीक खडा तर सुटूनच जातो. खर्च दुप्पट-तिप्पट, उत्तर अर्धवट.

मग एमआरआय कुणाला? गरोदर बाईचं मूत्रपिंड फुगलंय आणि सोनोग्राफीत कारण कळत नाही, तिला. तेही गॅडोलिनियमचं (चित्र उठावदार करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन न देता. लहान मुलांचा जन्मजात अडथळा, प्रोस्टेटची गाठ, मूत्राशयाचा कर्करोग किती खोल गेलाय हे पाहणं, यातही तो उपयोगी. किडनी काम करेनाशी झाली तरी फुगलेली मूत्रनलिका इंजेक्शनशिवाय दिसते, कारण तिथे साचलेलं पाणीच चित्र देतं. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय केयूबी’ (मूत्रपिंड, मूत्रनलिका, मूत्राशय) लिहू नये. काय शोधायचंय ते लिहिलं नाही, तर तंत्रज्ञ कोणता प्रोटोकॉल, म्हणजे तपासणीची ठरलेली पद्धत, लावणार?

क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) नुसता आकडा पाहून गॅडोलिनियमचं इंजेक्शन ठरवणं ही त्याहून मोठी चूक. १.८ हा एकच आकडा घ्या. तिशीतल्या पुरुषात त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ५१ येतो, पंचाहत्तरीच्या आजीबाईत २९. ३० च्या खाली गेलं की गॅडोलिनियम जपूनच. किडनी कमजोर असताना या औषधाने त्वचा आखडू शकते; नव्या मॅक्रोसायक्लिक प्रकारच्या गॅडोलिनियम औषधांत हा धोका फार कमी असला, तरी निर्णय रेडिओलॉजिस्टचा. रिपोर्ट अलीकडचा हवा, आणि वय-लिंग धरून हिशोब केलेला.

आपल्याकडे उन्हाळ्यात एक घोळ हमखास होतो. रावेर-यावल-चोपड्याकडून सकाळची एसटी धरून जळगावला येणारा पेशंट ‘उपाशी या’ हे ऐकून पाणीही बंद करतो. वर पारा ४४-४५ ला टेकलेला. एमआर युरोग्राफीत, म्हणजे मूत्रमार्गाच्या एमआरआयमध्ये, मात्र लघवी नीट वाहती हवी. त्यासाठी सलाईन लावतात आणि प्रौढांना लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड ५ ते १० मिलिग्रॅम शिरेतून देतात. ते दिलं नाही आणि लघवी घट्ट राहिली, तर साचलेलं गॅडोलिनियम पांढरं दिसण्याऐवजी काळं पडतं आणि नलिकाच गायब! पण पाण्यावाचून आधीच कोरड्या पडलेल्या माणसाला फ्युरोसेमाइड दिलं तर बीपी खाली येतं. अन्न चार तास बंद असलं तरी पाण्याचं काय, हे सेंटरला आदल्या दिवशीच विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

मूत्राशयाचं भरणंही तपासणीनुसार बदलतं. युरोग्राफीला आधी लघवी करूनच आत जायचं. फ्युरोसेमाइडनंतर मूत्राशय भराभर भरतं आणि मध्येच उठावं लागलं तर सगळं पुन्हा. मूत्राशयातली गाठ पाहायची असेल तर ते बेताचं भरलेलं हवं. रिकाम्या मूत्राशयाची घडी पडलेली भिंत गाठीसारखी वाटते, तट्ट भरलं की माणूस हलतो.

धातूचं म्हणाल तर मंगळसूत्र, जोडवी, साडीची पिन लोक आठवणीने काढतात. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम करणारा मात्र डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता हे सांगत नाही, कारण त्याला ती रोजचीच गोष्ट वाटते. शंका असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे. पेसमेकर, कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र, मेंदूतली क्लिप यांचं कार्ड बरोबर आणा. डीजे स्टेंट (मूत्रनलिकेत ठेवलेली बारीक नळी) बहुतेक वेळा चालतो, पण सांगायचा.

प्रोस्टेटच्या बाबतीत उलटा क्रम अजून दिसतो: आधी बायोप्सी, मग एमआरआय. सुईमुळे झालेला रक्तस्राव गाठ झाकतो किंवा गाठीचा भास करतो, म्हणून मग किमान सहा आठवडे थांबावं लागतं. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढला की आधी एमआरआय करा, आणि त्या सकाळी शौचाला जाऊन या. गुदाशयात गॅस असला की प्रोस्टेटचं चित्र नेमकं मागच्या बाजूला, जिथे गाठ जास्त आढळते तिथेच, वाकडं येतं.