‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं, तिथेच चुकलं

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते. चाळीस वर्षं अंदाजानेच चकलीची भाजणी करणारी ही बाई एका दिवाळीत डाळी समोर मांडून नुसती बघत बसली. "वय झालं आता," म्हणत आम्ही भाजणी विकत आणली. पुढची दीड वर्षं हेच पालुपद.

पहिली चूक तीच. चष्मा कुठे ठेवला, शेजारच्या भाभींच्या सुनेचं नाव काय, हे विसरतं आणि थोड्या वेळाने आठवतं, सगळ्यांचंच होतं. पण भाजीवाल्याला दोनदा पैसे देणं, राजवाड्यावरून येताना रोजची गल्ली चुकणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणं, हे वेगळं. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं मेंदूत साचू लागतात ती लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून. म्हणजे घरच्यांना कळतं तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, त्यात आपण आणखी दीड वर्ष घालतो.

दुसरी चूक, भीतीपोटी दवाखाना टाळणं. विसरणं म्हणजे अल्झायमरच असं नाही. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत तर तपासाच), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर कवटीत साचलेलं रक्त, यांतलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. आणि एक-दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, तर बहुधा संसर्ग किंवा सोडियम कमी झालेलं असतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

तपासणीच्या वेळी आमची फजिती झाली ती भाषेमुळे. आत्याचं हिंदी फर्डं, पण ते बाजारापुरतं. हिशेब मनात मराठीतच. ‘सौ में से सात घटाइए, फिर सात घटाते जाइए’ म्हटल्यावर ती गडबडली. मी मराठीत विचारलं तेव्हा त्र्याण्णव लगेच आलं, शहाऐंशी जरा थांबून, मग गाडी अडली. अडली ती खरीच, पण कुठे अडली हे तेव्हा कळलं. चाचणी माणसाच्या मातृभाषेत, त्याचं शिक्षण लक्षात घेऊन करा असं डॉक्टरांना आधीच सांगावं.

शिवाय डॉक्टरांसमोर आत्या "सगळं छान आहे" म्हणाली आणि काकांनी मान डोलावली! तिच्यादेखत ते कसे बोलणार? काय घडलं, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून आधीच आत पाठवा. घरी मात्र "सांग बरं, मी कोण?" अशी परीक्षा घेणं बंद करा. त्याने काही निदान होत नाही, माणूस खजील तेवढा होतो.

बदाम-ब्राह्मीवर भिस्त ठेवण्याबद्दल फार लिहीत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येतील असे १४ धोके मांडले. ते दूर केले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात. त्यांत रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा आहे. पोह्यांबरोबर रोज जिलेबी खाऊन वर बदाम चावणाऱ्यांनी हे वाचावं. एपीओई-४ हे जनुक धोका वाढवतं, पण ते असलं म्हणजे आजार होणारच असं नाही.

याच यादीत कमी ऐकू येणंही आहे. आत्याचं कानाचं यंत्र वर्षभर डबीत पडून होतं, कारण "शिट्टी वाजते". कानात बसणारा साचा सैल असला की शिट्टी वाजते. आम्ही तो बदलून घेतला.