जिनिंगच्या काट्यावरून: कर्नलची फुकट हमाली कशी वाचवाल

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगच्या काट्यावर मी बसतो. टेबलावर 4 जीबी रॅमचा जुना डबा, त्यात लिनक्स. त्याचा गाभा म्हणजे कर्नल, डिस्क आणि मेमरीची हमाली तोच करतो. हंगामाच्या वजन-पावत्यांची फाइल 40 एमबीची. एका शेतकऱ्याचा हिशेब काढायला माझाच सी-प्रोग्राम इतका रेंगाळायचा, की बंडीवाला विचारी, "भाऊ, कापूस पुन्हा मोजून राह्यले काय?"

डिस्कला शिव्या देण्याआधी प्रोग्राम 'एसट्रेस -सी' लावून चालवा. कोणता सिस्टम कॉल (प्रोग्रामनं कर्नलकडे केलेली मागणी) किती वेळा झाला, याचा तक्ता मिळतो. माझ्या तक्त्यात 'रीड', म्हणजे वाचायची मागणी, चार कोटींवर! मी एकेक बाइट मागत होतो. कर्नल डिस्कवरून 4 केबीची पानं उचलून पेज कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो, म्हणजे डिस्क बिचारी निर्दोष. पण दर बाइटला कर्नलच्या दारात जाऊन परत यायचं. गोदामातून एकेक बोंड आणल्यासारखं. 64 केबीचा बफर (एका खेपेला भरायची मेमरीतली जागा) घेतला, कॉल 640 च्या आसपास आले.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी: दर शेतकऱ्यामागे फाइल नव्यानं, पहिल्यापासून वाचत होतो. कॅशमधून आली तरी प्रत प्रोग्रामच्या मेमरीत करावीच लागते. एकदाच वाचा, नावागणिक बेरीज ठेवत चला.

प्रोग्रामचा वेग मोजताना फसू नका. आमच्याकडे लाइन गेली की रॅममधली कॅश साफ. पहिली फेरी हळू, दुसरी पळते, आणि आपल्याला वाटतं सुधारणा झाली. म्हणून जुना आणि नवा दोन्ही प्रोग्राम सारख्याच स्थितीत तपासा. 'सिंक' करून (रॅममधलं न लिहिलेलं डिस्कवर उतरवून) कर्नलच्या 'ड्रॉप_कॅशेस' फाइलमध्ये 3 लिहिलं की कॅश रिकामी होते. हे फक्त चाचणीपुरतं. रोज करणारे लोक पाहिलेत मी. 'फ्री' या कमांडमध्ये मोकळी रॅम कमी दिसते म्हणून घाबरतात. अहो, ती कॅश गरज पडली की कर्नल स्वतःच सोडतो.

फाइल सलग वाचली, तर कर्नल पुढचा भाग आधीच आणून ठेवतो, बहुधा 128 केबीपर्यंत. पण अनुक्रमणिकेवरून इकडची एक, तिकडची एक पावती काढायची असेल तर ही तत्परता वाया जाते. तिथे 'पॉझिक्स_एफॲडव्हाइज'ला (फाइल कशी वाचणार हे कर्नलला कळवणारा कॉल) 'रँडम' सांगा. रात्रीच्या बॅकअपनंतर त्यालाच 'डोंटनीड' (ही पानं आता नकोत) द्या, मात्र नव्या प्रतीवर आधी 'एफसिंक', म्हणजे ती फाइल डिस्कवर उतरवा. डिस्कवर न उतरलेली पानं कर्नल टाकत नाही.

'नोएटाइम'चा, म्हणजे फाइल शेवटची कधी वाचली ही नोंद बंद करण्याचा, सल्ला सगळे देतात. 2009 च्या 2.6.30 या कर्नल आवृत्तीपासून 'रिलेटाइम' (ही नोंद गरजेपुरतीच) आपोआप असतं, त्यामुळे माझ्या डब्यावर फरक जाणवला नाही.