घरी पीसी जोडताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात इंदूरला सुदामानगरात मावशीकडे गेलो तर मावसभाऊ अगदी रडकुंडीला आलेला, सगळा माल नवा, पंखे फिरतायत, लाईट लागलेत पण स्क्रीन काळी ती काळीच. मदरबोर्ड परत करायला निघालाच होता. मी म्हटलं थांब रे, आधी बोर्डवरचे ते बारीक लाईट बघू, तर डीरॅम लिहिलेला, म्हणजे रॅमचा, लाईट पेटून राहिलेला. रॅम काढली, परत बसवली, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून चांगली दाबली तेव्हा कुठे दुसऱ्या बाजूने कट्ट आवाज आला. डिस्प्ले आला! एका बाजूची क्लिप लागलीच नव्हती आणि वरून बघून अजिबात कळत नव्हतं.

म्हणून डिस्प्ले नाही आला तर बोर्ड खराब आहे असं लगेच धरू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना ते बघा, बरेच जण बोर्डातच खुपसतात. प्रोसेसरची ८ पिनची वेगळी केबल बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती राहिली तरी पंखे फिरतातच. रॅमची एकच स्टिक असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. आणि रॅम डीडीआर५ (डीडीआर४च्या पुढची पिढी) असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मेमरी ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून बटण बंद करू नका.

आता खरेदीचं. सिल्व्हर मॉलला (इंदूरचा कॉम्प्युटर बाजार) जायच्या आधी सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, जुळवून घ्या, एएम४ सॉकेटचा रायझन प्रोसेसर एएम५च्या बोर्डवर बसतच नाही, डीडीआर४ आणि डीडीआर५चा खाचा पण वेगळा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, १२१००एफ घेतला की कार्ड घ्यावंच लागतं. १६ जीबी घ्यायची तर ८-८च्या दोन स्टिक घ्या, ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम काम करतात, आणि बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमच्या पूर्ण स्पीडची सेटिंग, चालू करा, नाहीतर ६००० स्पीडची डीडीआर५ रॅम बहुतेक ४८००वरच चालत राहते.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायवरून. महाग कार्ड घेऊन शेवटी उरलेल्या पैशात बिननावाचा सप्लाय घेतात, अरे तो जळताना सोबत बोर्ड आणि हार्डडिस्कही घेऊन जाऊ शकतो! मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, सप्लाय असेल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला लावू नका, खाचेत बसतात पण आतली पिनांची रचना वेगळी असू शकते.

आणि प्रोसेसरच्या कूलरखालची प्लास्टिकची फिल्म, तेवढी काढा हो.