पद्मिनीचा रंग: आधी पत्रा, मग डबा

वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी रंगवायला काढली, तर जो तो विचारतो, कोणता रंग देणार? खरं काम रंगाच्या खाली असतं.

फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीभर फिरवलं. दारांच्या खालच्या कडेला ते चिकटेचना, म्हणजे तिथे लांबीचा, खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, जाड थर. खरवडला तर खाली गंज. पेंटर म्हणाला, "साहेब, वरून पुट्टी मारू, कळणार पण नाही." पहिल्या पावसात कळलं असतं! सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला.

उघडा पत्रा साफ पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा. मुंबईच्या दमट हवेत उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो. मग लांबी, तीही पातळच. आधी ८० आणि मग १८० नंबरच्या कागदाने, कोरडीच घासायची. लांबी पाणी पिते, पुढे रंगाला फोड येतात. त्यावर सरफेसर, म्हणजे रंगाखालचा घासून सपाट करायचा थर; त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ठोकळ्याने घासलं की खड्ड्यात काळं उरतं. डोळ्यांना सपाट वाटलेलं बॉनेट तेव्हा बरंच बोललं.

रंग एनसी (जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज) की टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन)? एनसीची मऊ चमक जुन्या गाडीला शोभते, पण सतत पॉलिश मागते आणि पेट्रोल सांडलं की डाग. आमची गाडी रोज रस्त्यावर, म्हणून पीयू. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, नीट मास्क हवाच.

छटा मात्र डिकीच्या आतल्या, ऊन न लागलेल्या मूळ रंगावरून जुळवली.