वंशवृक्षावर पानगळ मोजण्याआधी

सह्याद्रीतल्या झाडांची यादी तयार आहे, ‘पानगळी की सदाहरित’ हा रकाना भरलाय, आणि जवळच्या नात्यातल्या जाती याबाबतीत एकमेकींसारख्या आहेत का हे ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत, जातींच्या उत्क्रांतीतल्या नात्यांचा आराखडा म्हणजे वंशवृक्ष घेऊन, तपासायचंय. आकडा मिनिटभरात येतो. त्याआधीच्या कामाला मात्र दोन-तीन दिवस काढून ठेवा.

आधी रकाना बघा. साग, पळस एकीकडे आणि जांभूळ, अंजनी दुसरीकडे, इथवर वाद नाही. पिंपळाशी पंचाईत होते: पानं झडतात नि थोड्याच दिवसांत तांबूस पालवी फुटते. झाड किती दिवस निष्पर्ण राहिलं तर पानगळी धरायचं, हा नियम आकडा बघण्याआधी लिहून ठेवा. नंतर पिंपळाला इकडून तिकडे सरकवायचा मोह होतोच.

मग नावं. बाभूळ आणि खैर जुन्या वनस्पतिकोशात दोन्ही अकेशिया या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये). आता बाभूळ व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया. सगळी नावं लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर ताडून घ्या. वंशवृक्षाच्या टोकांवरच्या नावांत बहुधा अधोरेषा असते आणि तक्त्यात मोकळी जागा, तीही सारखी करा. नावामागे चिकटलेली न दिसणारी जागा तर हमखास असते. ‘गायगर’ या आरच्या पॅकेजमधलं नेम-चेक ती पकडून देतं.

वंशवृक्ष ‘व्ही-फायलोमेकर’ या जातींच्या यादीवरून वृक्ष बांधणाऱ्या पॅकेजने बनवला असेल तर वड, उंबर, पिंपळ बऱ्याचदा एकाच गाठीतून खराट्यासारखे फुटलेले दिसतात. म्हणजे त्या प्रजातीच्या आतलं नातं संगणकाला ठाऊकच नाही. टोकांच्या जोड्या शून्य लांबीच्या फांद्यांवर असतील तर ‘कॅपर’ या पॅकेजमधलं, पुढे येणारा ‘डी’ काढणारं फायलो-डी अडून बसतं.

दोनच अवस्था असतील तर फ्रिट्झ आणि पर्व्हिस यांचा 2010 सालचा ‘डी’ घ्या: 0च्या आसपास म्हणजे ब्राउनियन प्रतिमानाइतका (गुणधर्म काळासोबत यादृच्छिक पावलांनी बदलत जातो असं धरल्यावर अपेक्षित तेवढा) वंशसंकेत, म्हणजे जवळच्या जातींचं सारखेपण; 1च्या आसपास म्हणजे नुसता विखुरलेपणा. उणे आकडा आला तर घाबरू नका, जाती अपेक्षेपेक्षाही घट्ट गटांत आहेत. पन्नासाहून कमी जाती किंवा सदाहरित जेमतेम चार, असं असेल तर त्यावर फार भार टाकू नका. निमपानगळी असा तिसरा गट केलात तर ‘डी’ चालत नाही; तिथे गायगरच्या फिट-डिस्क्रीटमधून वंशसंकेताचं दुसरं माप, लॅम्डा, काढा. ‘फायटूल्स’ पॅकेजचं फायलोसिग (उंचीसारख्या) सलग मोजमापांसाठी आहे, पण 0-1 दिले तरी ते मुकाट्याने उत्तर देतं. तिथेच फसायला होतं.

संगणकाच्या यादृच्छिक निवडी पुन्हा चालवल्यावरही तशाच याव्यात म्हणून यादृच्छिक बीज (सुरुवातीचा आकडा) आधीच ठरवून द्या. ‘डी’ तपासणाऱ्या यादृच्छिक मांडणीच्या हजार फेऱ्यांनंतर संभाव्यता 0 छापून आली तर तशीच उतरवू नका, ‘0.001हून कमी’ असं लिहा.