ओएनएसडी शिकताय? आधी सावली ओळखा

ओएनएसडी म्हणजे ऑप्टिक नर्व्हच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) शीथची, म्हणजे आवरणाची रुंदी; ती अल्ट्रासाउंडने मापून कवटीतल्या प्रेशरचा अंदाज घेतात. न्यूरो आयसीयूत पोस्टिंग लागलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हातात अल्ट्रासाउंडचा लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब देतं आणि म्हणतं, सोपंय गं, मिटलेल्या डोळ्यावर ठेव, डोळ्याच्या गोलामागे तीन मिमीवर शीथची रुंदी माप, झालं. मीही तसंच समजून बसले होते. मेंदूभोवतीचं पाणी ऑप्टिक नर्व्हच्या आवरणापर्यंत जातं, कवटीत प्रेशर वाढलं की आवरण फुगतं, हे तुम्हाला माहीतच असेल त्यामुळे त्यात जात नाही.

माझं काय झालं ते सांगते. रात्रीची ड्युटी, बाइकवरून पडलेला व्हेंटिलेटरवरचा पेशंट, आणि माझं रीडिंग 6.4 मिमी. दोन्ही डोळ्यांत! पाच-साडेपाचच्या वर गेलं की कान टवकारायचे हे पाठ होतं, म्हणून मी धावतच सीनियरकडे गेले, सिस्टरांना मॅनिटॉल (मेंदूचं प्रेशर उतरवायचं औषध) काढायलाही सांगून टाकलं. सीनियरने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "ही नर्व्ह नाहीये, लेन्सची सावली आहे." परत काढलं तर 4.8. मॅनिटॉल परत ट्रेमध्ये. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता हे नीट वाचा, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल. प्रोब डोळ्याच्या बरोबर मधोमध ठेवला की बीम डोळ्यातल्या लेन्समधून जातो, लेन्सच्या मागे काळा पट्टा पडतो आणि तो थेट नर्व्हच्या जागी येऊन बसतो. दिसतो अगदी पुस्तकातल्यासारखा, सरळ, काळाकुट्ट, सुंदर. खरी नर्व्ह इतकी सुंदर नसतेच! ती डोळ्याच्या मागून थोडी नाकाच्या बाजूने निघते, जराशी वळते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना शीथची कड वेगळी दिसते. सावलीला कड नसते, नुसता काळेपणा पुसट होत जातो. शंका आली की प्रोब किंचित सरकवा, सावली बीमबरोबर इकडेतिकडे पळते, नर्व्ह आपल्या जागी राहते. म्हणून प्रोब वरच्या पापणीवर कानाच्या बाजूला ठेवायचा आणि बीम थोडा नाकाकडे तिरका, म्हणजे लेन्स वाटेतून बाजूला होते. गेन (इमेजचा उजळपणा) कमी करा, गेन जास्त असला की कडा पसरतात. आणि उलटंही होतं बरं का, नर्व्ह मध्यातून न कापता कडेने कापली गेली की माप लहान येतं आणि आपण खुशाल झोपतो. सगळा खेळ अर्ध्या मिमीचा आहे म्हणून एवढं डोकं खातेय. कड आतली धरायची की बाहेरची यावर पेपरांमध्येही भांडणं आहेत, तुमच्या युनिटमध्ये जी पद्धत आहे तीच धरा आणि रोज बदलू नका.

दाबू नका. प्लीज. जेल भरपूर, हाताची कड कपाळावर टेकवा, जोर दिला तर पल्स खाली येऊ शकते. डोळा फुटल्याची शंका असेल तर प्रोब लावायचाच नाही. मशीनवरचं प्रीसेट ऑप्थॅल्मिकच (डोळ्यांचंच), मेकॅनिकल इंडेक्स (स्क्रीनवर दिसणारा बीमच्या जोराचा आकडा) 0.23 च्या आत.

टीसीडीबद्दल (ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीच्या बाहेरून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणं) थोडंच. रुने आसलिडने 1982 मध्ये कानशिलाच्या पातळ हाडातून 2 मेगाहर्ट्झच्या प्रोबने मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग मोजून दाखवला, आपण अजून तेच करतो. काही पेशंटना खिडकीच (बीम आत जाईल अशी पातळ हाडाची जागा) मिळत नाही, तिथे स्वतःला दोष देऊ नका. पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक वेग किती वरखाली होतो त्याचा आकडा) वाढला म्हणून आयसीपी (कवटीतलं प्रेशर) वाढलंच असं नाही, व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइड खाली आला असेल तरी तो वाढतो, आधी एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) बघा. आणि कुठल्याच अल्ट्रासाउंडने "आयसीपी 22" असं खात्रीचं सांगता येत नाही, तो आकडा हवा असेल तर न्यूरोसर्जनच टाकेल तो ड्रेन (प्रेशर मोजायला मेंदूत घातलेली नळी).

शिकायला कुणाकडे जावं? माझं प्रामाणिक मत, मोठ्या सरांकडे नाही. मी शिकले डोळ्यांच्या डिपार्टमेंटच्या एका मॅडमकडे, त्या दिवसभर बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करतात आणि इमेज बघून तोंडावर सांगतात, "परत काढ." रील्स बघून शिकणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. स्वतःचा पॉकेट प्रोब मागवायचा विचार असेल तर थांबा, आपल्याकडे पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदणी नसलेलं अल्ट्रासाउंड मशीन म्हणजे नसती आफत, युनिटचंच वापरा. होस्टेलवाल्या मित्रमैत्रिणींना चहा पाजा आणि त्यांना तिथे बोलवून त्यांचे डोळे घ्या. पहिले वीस-पंचवीस भयानकच येतात, सगळ्यांचेच येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ती 6.4 वाली इमेज मी नाव-नंबर कापून ठेवलीय. नवीन जेआर (ज्युनियर रेसिडेंट) आला की काहीच न सांगता त्याच्यासमोर ठेवते आणि म्हणते, माप. बहुतेक जण लगेच कॅलिपर (स्क्रीनवरच्या मापाच्या खुणा) लावतात.