फॅनचा कनेक्टर बदलताना वायरच्या रंगावर विसंबू नका

कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमधला फॅन ठणठणीत आहे, पण कनेक्टर नव्या जागी बसत नाही. मग वायर कापायची, रंगाला रंग जोडायचा आणि स्विच दाबायचा. घोळ होतो तो इथेच.

तीन पिनच्या फॅनमध्ये बहुतेक वेळा काळी वायर ग्राउंड (मायनस), लाल १२ व्होल्ट आणि पिवळी वेगाच्या सिग्नलची असते. चार पिनच्या फॅनमध्ये तीच पिवळी १२ व्होल्टची, हिरवी वेगाची आणि निळी पीडब्ल्यूएमची, म्हणजे मदरबोर्डकडून वेग कमी-जास्त करणाऱ्या सिग्नलची. काही फॅनच्या तर चारही वायर काळ्याच! मोलेक्समध्ये, म्हणजे पॉवर सप्लायच्या चार पिनच्या मोठ्या कनेक्टरमध्ये, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंड. म्हणजे फॅनची लाल मोलेक्सच्या लालला जोडली की त्याला ५ व्होल्टच मिळतात. फॅन रडतखडत फिरतो, नाहीतर नुसता थरथरतो. असा एक फॅन मी कचऱ्यातून उचलून पिवळ्या वायरवर लावला, तर तो पहिल्याच झटक्यात फिरला. चांगली वस्तू अशी भंगारात जाते तेव्हा जीव हळहळतो.

ब्रँडेड डेस्कटॉपच्या फॅनमध्ये पिनांचा क्रमही वेगळा असू शकतो. तो फॅन काढण्याआधीच, मशीन चालू असताना, कनेक्टरच्या मागून मल्टिमीटर लावून ग्राउंड आणि १२ व्होल्ट कुठे आहेत ते लिहून ठेवा. टोक शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. साध्या मदरबोर्डवरचा क्रम ठरलेला असतो: १ ग्राउंड, २ बारा व्होल्ट, ३ वेग, ४ पीडब्ल्यूएम.

मुळात वायर कापायची गरज आहे का, हेही पाहा. तीन पिनचा साधा फॅन चार पिनच्या जागी सरळ बसतो. फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डीसी मोड, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलण्याचा पर्याय, निवडा, नाहीतर तो पूर्ण वेगाने घोंघावत राहील. पिनांचा क्रमच बदलायचा असेल, तर कनेक्टरच्या बारीक खिडकीतून सुईने पितळी जीभ दाबा आणि वायर मागे ओढा. पिन अलगद बाहेर येते. परत घालण्याआधी ती जीभ किंचित वर उचला, नाहीतर पिन आत टिकत नाही.

प्लस-मायनस उलटे जोडले तर फॅन उलटा फिरत नाही. हे ब्रशलेस मोटरचे फॅन आहेत. त्यांत आतलं सर्किट जळू शकतं.

१२ आणि ५ व्होल्टच्या मध्ये फॅन जोडून ७ व्होल्ट मिळवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. माझं स्पष्ट मत आहे, करू नका. फॅन आतून शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या लाइनमध्ये शिरतात, आणि त्या लाइनवर तुमची हार्ड डिस्क असते.

सोल्डर करण्याआधी हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) वायरवर चढवून ठेवा. चिकटपट्टी कॅबिनेटच्या उष्णतेने सैल होते. सगळे जोड एकाच रेषेत न आणता थोडे मागेपुढे ठेवा. मोलेक्सवर जोडताना वेगाची वायर मोकळी राहते, तिचं टोकही झाका. आणि तो फॅन प्रोसेसरचा असेल, तर वेगाचा सिग्नल न मिळाल्यामुळे मशीन सुरू होताना फॅन एरर दाखवेल. तिथे ती वायर मदरबोर्डच्या तिसऱ्या पिनलाच गेली पाहिजे.